नाशिकचा जुना ‘तीन नंबर’ आता लेहला जातो : मनाली–लेह महामार्ग कसा उभा राहिला, कसा टिकतो

द्वारका चौकात उभं राहून विचारलं की हा रस्ता कुठला, तर आजही ‘मुंबई–आग्रा रोड’ किंवा ‘एनएच तीन’ हेच उत्तर मिळतं. आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, मुंबई असा जाणारा हा रस्ता कित्येक वर्षं राष्ट्रीय महामार्ग ३ होता. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. त्यात धुळे–नाशिक–पुणे रस्ता ६० झाला आणि आपला ३ हा आकडा गेला पंजाबातल्या अटारीपासून अमृतसर, मंडी, कुलू, मनाली करत लेहला पोहोचणाऱ्या रस्त्याकडे.

नव्या पद्धतीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना विषम आकडे आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. म्हणून सगळ्यात वरचा उरी–श्रीनगर–कारगिल–लेह हा १ आणि त्याच्या खालचा मनालीवरून जाणारा ३. दोन्ही लेहला एकत्र येतात. लडाखला बाकीच्या देशाशी जोडणारे जुने मोटाररस्ते हे दोनच. त्यातल्या आपल्या जुन्या आकड्याच्या रस्त्याबद्दल हा लेख आहे.

आधी उंचीचा अंदाज घेऊ. कसारा घाट चढून इगतपुरीला आलो की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असतो, नाशिकही साधारण तेवढ्याच उंचीवर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एकावर एक अशी तीन कळसूबाई रचली तरी मनाली–लेह रस्त्यावरच्या तांगलांग ला या खिंडीचा माथा त्याहूनही जवळपास ४०० मीटर वर राहतो. ती उंची ५,३२८ मीटर आहे. ‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड, त्यामुळे ‘तांगलांग ला खिंड’ म्हणायची गरज नाही.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून रोहतांग खिंडीखालच्या अटल बोगद्याने लाहौल खोऱ्यात उतरलं की सिस्सू, मग चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावरचं तांडी, केलाँग, जिस्पा, दारचा. दारच्यानंतर चढ सुरू होतो. बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर. खाली सरचूचं पठार, मग गाटा लूप्सची २१ वळणं चढून नकी ला, पुढे ५,००० मीटरच्या वरचा लाचुंग ला. मग पांग या तळावर उतरून मोरे मैदानाचा सुमारे ४० किलोमीटरचा सपाट पट्टा, शेवटी तांगलांग ला आणि रुमत्से, उपशीवरून सिंधूच्या काठाने लेह, ३,५०० मीटर. अटल बोगद्याआधी हे अंतर सुमारे ४७४ किलोमीटर होतं, बोगद्याने ४६ किलोमीटर वाचले.

या यादीत एक गोष्ट दडलेली आहे. दारचा सोडलं की थेट रुमत्सेपर्यंत बारमाही वस्तीचं एकही गाव नाही. सरचू आणि पांगला दिसतात ते उन्हाळ्यातले तंबू आणि लष्करी तळ. मोरे मैदानात चांगपा पशुपालकांचे डेरे असतात, तेही हलते. दोनशेहून जास्त किलोमीटरच्या या निर्जन पट्ट्यात रस्ता बंद पडला तर तो उघडायला माणसं आणि यंत्रं दोन्ही टोकांकडूनच आणावी लागतात. मधून कुणी येत नाही.

हा रस्ता हवाच कशाला?

खेचरांची वाट इथे फार जुनी. कुलू आणि लाहौलचे व्यापारी पश्मिना, मीठ, चहा घेऊन ये-जा करायचे. पण ही वाट लष्करी नकाशावर ठळक झाली ती १९४८ मध्ये. त्या उन्हाळ्यात पाकिस्तानकडून आलेल्या फौजांनी द्रास, कारगिल आणि झोजी ला घेतलं आणि श्रीनगरकडून लेहला जायचा मार्ग तुटला. लेह एकटं पडलं. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी डाकोटा विमान लेहच्या घाईघाईत तयार केलेल्या धावपट्टीवर उतरवलं. ती धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने उभी केली होती. विमानातून येईल ते थोडंच असणार होतं. म्हणून गोरखा सैनिक मनालीहून खिंडी ओलांडत पायी लेहला गेले. १ नोव्हेंबर १९४८ ला ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी लावर चढले तेव्हा कुठे दुसरी बाजू मोकळी झाली. त्या रणगाड्यांसाठी खेचरांची वाट रुंद करून देण्याचं काम मद्रास सॅपर्सनी केलं होतं.

पुढचा धक्का चीनकडून आला. १९५७ मध्ये चीनने अक्साई चीनमधून शिनजियांग–तिबेट रस्ता पूर्ण केला. समोरच्या बाजूला ट्रक धावू लागले आणि आपल्या बाजूला अजून खेचरं होती. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापन झाली. तिची कामं प्रकल्पांच्या नावाने ओळखली जातात. या रस्त्यावर हिमाचलच्या बाजूला ‘दीपक’ आणि लडाखच्या बाजूला १९८५ मध्ये उभा राहिलेला ‘हिमांक’. नावं लक्षात ठेवा, कारण वाटेतल्या पिवळ्या पाट्यांवर हीच दिसतात.

१९९९ च्या कारगिल युद्धाने श्रीनगर–लेह रस्त्याची दुखरी जागा सगळ्या देशाला दाखवली. द्रासजवळ तो रस्ता शिखरांच्या थेट पायथ्याशी आहे. तोलोलिंग आणि टायगर हिलवर बसलेल्या शत्रूला खालची प्रत्येक गाडी दिसत होती आणि तो तोफांचा मारा नेमका रस्त्यावर आणवत होता. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल परत घेतल्यावर रस्ता श्वास घेऊ लागला.

इथे देवळालीचा संबंध येतो. आपल्याकडचं तोफखाना स्कूल आणि नाशिक रोडचं तोफखाना केंद्र यांमुळे ‘बोफोर्स’ हा शब्द नाशिककरांना नवा नाही. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोंच्या वर भरतो, शिवाय त्याचं बारूद वेगळं. पाच टन माल भरलेला ट्रक घाट चढून आला तर त्यातून जेमतेम शंभर गोळे उतरतात. अडीच लाख हा आकडा ट्रकच्या खेपांत मोजून बघा, म्हणजे डोंगरातला रस्ता आणि तोफ यांना वेगळं का काढता येत नाही हे कळेल. द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव दिलं गेलं ते तोफखान्याच्या त्या कामगिरीसाठी.

मनालीचा रस्ता नियंत्रण रेषेपासून बराच आत आहे, तिथून तो तोफेच्या टप्प्यात येत नाही. हीच त्याची खरी किंमत. पण १९९९ मध्ये त्याची अडचण वेगळी होती. रोहतांग आणि बारालाचा बर्फातून मोकळे व्हायला तेव्हा साधारण जून उजाडायचा, आणि लढाई पेटली होती मे महिन्यात.

किलोमीटर नव्हे, दिवस मोजा

‘जगातला सर्वात उंच’ अशा पाट्यांपुढे फोटो काढायची हौस समजण्यासारखी आहे, पण या पाट्यांवरचे आकडे नेहमी खरे नसतात. लेहजवळच्या खारदुंग लावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलं होतं, प्रत्यक्ष मोजणीत तो सुमारे १७,६०० फूट भरतो. लडाखच्या रस्त्याला मोजायचंच असेल तर तो वर्षातले किती दिवस चालू राहतो ते मोजावं.

कारण साठवण. हिवाळ्यात रस्ते बंद असतात त्या काळासाठी लष्कर आणि लडाखचं प्रशासन उन्हाळ्यातच सगळं भरून ठेवतं: पीठ, तांदूळ, डाळी, कांदा-बटाटा, रॉकेल, डिझेल, गॅस, औषधं, दारूगोळा. नोव्हेंबरच्या आत हे वर पोहोचलं नाही तर विमानाने न्यावं लागतं, आणि विमानाचा खर्च ट्रकच्या कितीतरी पट. रस्ता महिनाभर जास्त चालू राहिला तर महिन्याचा साठा कमी करावा लागतो, तेवढी गोदामं कमी, तेवढं सडणं कमी.

२०२३ मध्ये झोजी ला ६८ दिवसांनी उघडला आणि मनाली–लेह रस्ता १३८ दिवसांनी, २५ मार्चला. दोन्ही त्या वेळचे विक्रम होते. एकाच वर्षातल्या या दोन आकड्यांत दुपटीचा फरक आहे. झोजी लावर अडचण एका खिंडीची आहे. मनालीच्या रस्त्यावर बारालाचा, नकी, लाचुंग, तांगलांग अशा एकामागून एक खिंडी आणि मधे माणूस नाही.

बर्फ काढायचं काम दोन्ही टोकांकडून सुरू होतं. बर्फाखाली रस्ता कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं, म्हणून कडेला उंच खुणेचे खांब असतात. पुढे डोझर वरचा थर ढकलत जातो, मागून बर्फ कापून दूर फेकणारं यंत्र भिंती सरळ करतं, शेवटी खाली चिकटलेला बर्फाचा कडक थर खरवडतात. पहिल्यांदा एकच गाडी जाईल एवढी वाट करतात आणि एक दिवस वर, एक दिवस खाली अशी वाहतूक सोडतात. रुंदी नंतर.

हे किती मोठं काम आहे त्याचा हिशोब करता येतो. ताजं पडलेलं बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, पण महिनोन्‌महिने दबलेलं बर्फ ३०० ते ४०० किलो भरतं. पाच मीटर उंच थरातून सहा मीटर रुंद वाट एक किलोमीटर कापायची म्हणजे ३०,००० घनमीटर, म्हणजेच सुमारे दहा-बारा हजार टन. हे फक्त एका किलोमीटरचं. आणि कापून झालेल्या जागी वरून हिमकडा कोसळला की पुन्हा पहिल्यापासून. ताज्या बर्फवृष्टीनंतर आणि उतारावर ऊन पडल्यावर हिमकडे सुटण्याचा धोका सर्वाधिक, त्यामुळे काम पहाटे, थंडीने बर्फ घट्ट असताना करावं लागतं. हिमकड्यांचा अंदाज देणारी मनालीची संस्था १९६९ पासून हे काम करते. पूर्वी तिला सासे म्हणत, आता ती डीआरडीओच्या नव्या संस्थेत सामावली आहे.

डांबर का टिकत नाही

निफाडच्या काळ्या जमिनीतून रस्ता नेणाऱ्याला एक शत्रू पक्का माहीत असतो: खालून येणारं पाणी. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. म्हणून आपण काळी माती काढून मुरूम भरतो. लडाखमध्ये शत्रू हाच आहे, फक्त तो गोठतो.

पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. डांबराच्या बारीक भेगेत दुपारी वितळलेलं पाणी शिरतं, रात्री गोठतं, भेग रुंदावते. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी पाणी. वसंत आणि शरद ऋतूत हे रोज होतं. पण खरं नुकसान खालच्या थरात होतं. बारीक गाळासारखी माती केशाकर्षणाने खालचं पाणी वर ओढते, ते पाणी गोठून बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि त्या चकत्या वरचा रस्ता उचलतात. उन्हाळ्यात चकत्या वितळल्या की खाली चिखल आणि वर पोकळी. मग जड ट्रकचं चाक गेलं की तुकडा खचतो. खड्डा वरून पडलेला दिसतो, पण तो खालून तयार झालेला असतो.

म्हणून तिथे पायाच्या थरात बारीक माती जितकी कमी तितकं चांगलं. जाड खडी, दगड, वाळू यांतून पाणी वर ओढलं जात नाही. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उचलून घ्यायचा, डोंगराच्या बाजूला गटार खोल ठेवायचं, मोऱ्या मोठ्या आणि जवळजवळ ठेवायच्या. अरुंद मोरी दगड-बर्फाने तुंबते आणि मग पाणी रस्त्यावरून वाहतं. या रस्त्यावरचा पैसा डांबरापेक्षा गटारात आणि मोरीत घातलेला जास्त टिकतो, यात दुमत व्हायचं कारण नाही.

डांबराची प्रतही वेगळी लागते. नाशिकच्या उन्हात व्हीजी-३० किंवा त्याहून घट्ट डांबर वापरतात, नाहीतर ते उन्हाळ्यात पाघळतं. तेच वर नेलं तर थंडीत काचेसारखं तडकेल, म्हणून तिकडे मऊ व्हीजी-१०. हवा १० अंशांच्या खाली असताना गरम मिश्रण टाकू नये असा नियम आहे. ५,००० मीटरवर १० अंशांच्या वरची हवा मिळते ती जुलै ते सप्टेंबर, तीही दुपारचे काही तास. प्लांटमधून दीडशे अंशांच्या आसपास निघालेलं मिश्रण थंड वाऱ्यात उघड्या डंपरमधून आलं, पातळ थरात पसरलं, की रोलर फिरवायला अगदी थोडी मिनिटं उरतात. उशीर झाला तर थर दबत नाही, मधे पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत पुढच्या हिवाळ्याचं पाणी शिरतं. त्यामुळे खिंडींच्या माथ्यावर अनेक ठिकाणी काँक्रीटचे एकमेकांत अडकणारे ब्लॉक बसवतात. उचललेला भाग काढून पुन्हा लावता येतो, भट्टी लागत नाही, आणि बर्फ खरवडणाऱ्या पात्याने किंवा चाकांच्या साखळ्यांनी ते डांबरासारखे सोलून निघत नाहीत.

ही कामं हातांनी करणारी माणसं बरीचशी झारखंडमधून, दुमकाच्या भागातून येतात. दरवर्षी उन्हाळ्यात ती येतात, निर्जन पट्ट्यात तंबूत राहतात, खडी फोडतात, डांबराच्या पिंपाजवळ धुरात उभी असतात. ज्या उंचीवर पर्यटकाला बुटाची नाडी बांधताना दम लागतो तिथे ही माणसं आठ तास फावडं चालवतात. गाडी तिथून नेताना वेग कमी करा. त्यांच्या अंगावर धूळ उडवू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

नऊ किलोमीटरचा बोगदा

रोहतांग वर्षातले पाच-सहा महिने बंद असायचा आणि तेवढा काळ अख्खं लाहौल खोरं तुटलेलं असायचं. खिंडीखालून बोगदा काढायची घोषणा जून २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी केली. काम २०१० मध्ये सुरू झालं आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी बोगदा खुला झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची सुमारे ३,०६० मीटर.

पद्धत अशी. समोरच्या खडकात भोकं पाडायची, स्फोट करायचा, धूर बाहेर काढायचा, राडारोडा उचलायचा. लगेच उघड्या खडकावर काँक्रीटचा फवारा मारायचा, मग लांब पोलादी बोल्ट खोल ठोकून खडकालाच खडकाशी शिवायचं. त्यानंतर भिंती किती मिलिमीटर सरकतात ते रोज मोजायचं आणि त्यावरून पुढच्या टप्प्याला आधार किती द्यायचा ते ठरवायचं. खडक चांगला असेल तर हे भराभर होतं. पण दक्षिणेकडून खोदताना सेरी नाल्याखाली ५८७ मीटरचा भंगलेला पट्टा लागला. तिथे खडक असा नव्हताच, चुरा आणि पाणी होतं. वरचा नाला बोगद्यात उतरत होता. पुढे छतावर लांब पाईप आडवे ठोकायचे, त्यांतून सिमेंटचं पाणी दाबाने भरायचं, तो भाग घट्ट झाला की मग थोडं खोदायचं, असं इंचाइंचाने काम चाललं. या पट्ट्याने काही वर्षं खाल्ली. दोन्ही टोकं १५ ऑक्टोबर २०१७ ला भेटली.

बोगद्यात एकच नळी आणि दोन मार्गिका, रस्ता ८ मीटर रुंद. एका नळीत समोरासमोर वाहतूक असली की आग हा सगळ्यात मोठा धोका, म्हणून मुख्य रस्त्याच्या खाली ३.६ मीटर रुंद आणि २.२५ मीटर उंच असा सुटकेचा वेगळा बोगदा आहे. दर १५० मीटरवर मदतीचा फोन, दर ६० मीटरवर आगीच्या पाण्याचा नळ. बोगद्याची आखणी ताशी ८० किलोमीटर कमाल वेग धरून केलेली आहे. आत थांबून फोटो काढणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकपुढे उभं राहणं.

बोगद्याने लाहौलचा प्रश्न सोडवला, बारालाचाचा नाही. त्यावरचा तोडगा वेगळ्या वाटेने चालला आहे. दारच्याहून डावीकडे वळून शिंकुन ला ओलांडून पदुम आणि पुढे निम्मूला जाणारा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला. या वाटेवर उंच खिंड एकच. तिच्याखाली ४.१ किलोमीटरचा जुळा बोगदा काढायचं काम २६ जुलै २०२४ ला पहिल्या स्फोटाने सुरू झालं, उंची सुमारे १५,८०० फूट. एका खिंडीखाली एक बोगदा झाला की हा तिसरा रस्ता वर्षभर चालवता येईल, आणि तोही नियंत्रण रेषेपासून दूर.

नाशिकहून गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी

गाडीच्या तयारीत पहिलं रेडिएटर. आपल्याकडे बरीच वाहनं नळाच्या पाण्यावर चालतात आणि नाशिकच्या हिवाळ्यात ते खपतं. सरचूला रात्री ते पाणी गोठलं की इंजिनचा ब्लॉक फुटू शकतो. पाणी काढून निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी भरा, ते उणे ३५ अंशांच्या खालीही द्रव राहतं. बीएस-६ डिझेल गाडीत लागणारं युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, त्याचा जादा कॅन केबिनमध्ये ठेवा. साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून २०१९ पासून लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल मिळू लागलं. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही.

तांगलांग लावर हवेची घनता नाशिकच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढंच येतं आणि हवा कमी पडते, म्हणून ती काळा धूर सोडते आणि ओढत नाही. इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते, पण ताकद तिचीही घटते. चढावर गिअर आधीच खाली घ्या, आणि उतारावरही त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर नको.

टायरच्या हवेबद्दल गैरसमज फार आहेत. वर बाहेरचा दाब कमी होतो म्हणून टायर साधारण सहा पीएसआय जास्त दाखवायला हवा. पण नाशिकचे ३५ अंश आणि वरचे शून्य अंश यांतल्या फरकाने तो जवळजवळ तेवढाच उतरतो. दोन्ही एकमेकांना खातात. म्हणून खिंडीवर उन्हात तापलेल्या टायरची हवा सोडू नका, सकाळी थंड असताना मोजा आणि मग ठरवा.

तांडीला पंपाजवळ ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे. तिथे टाकी काठोकाठ भरा, आणि मायलेज चौथ्या हिश्शाने कमी धरून जादा पेट्रोलचा हिशोब करा. नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. दुपारच्या उन्हाने हिमनद्या वितळतात आणि तीन-चारनंतर तोच नाला गुडघाभर होतो. सकाळी ज्या दगडांवरून चाक गेलं ते संध्याकाळी दिसतही नाहीत.

आता शरीर. वर हवेतला प्राणवायू टक्केवारीने तेवढाच असतो, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे एका श्वासात कमी प्राणवायू येतो. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. मनालीहून एका दिवसात सरचूला जाऊन झोपणं म्हणजे २,०५० वरून ४,२९० मीटरवर, एका रात्रीत २,२०० मीटरची उडी. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही पहिली लक्षणं. बसल्या जागी दम लागणं, खोकल्यात फेस, छातीत घरघर, किंवा टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालता न येणं ही धोक्याची लक्षणं, आणि त्यांवर उपाय एकच, लगेच खाली उतरणं. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या जाण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगावं.

या रस्त्याचा खरा पेच इथे आहे. सरचूला किंवा पांगला त्रास झाला तर खाली उतरायला रस्ताच नाही. सरचूच्या एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला नकी आणि लाचुंग. पांगच्या एका बाजूला लाचुंग, दुसऱ्या बाजूला तांगलांग. खाली यायचं तर आधी आणखी वर चढावं लागतं, तेही आजारी माणसाला घेऊन, बहुधा रात्री. पांगच्या लष्करी तळावर प्राणवायू आणि प्राथमिक उपचार मिळू शकतात, पण त्यावर विसंबून बेत आखू नये.

त्यामुळे नाशिकहून पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी श्रीनगरकडून चढावं आणि मनालीकडून उतरावं. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००, अशी शरीराला पायऱ्यापायऱ्यांनी सवय होते आणि परतीला सरचू-पांगची उंची अंगवळणी पडलेली असते. मनालीकडूनच जायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढा. सकाळी उठल्यावर गटातल्या प्रत्येकाला डोकं दुखतंय का ते विचारा. एकाचंही दुखत असेल तर सगळ्यांनी तो दिवस तिथेच थांबावं, कारण केलाँगहून मागे फिरलं तर बोगद्यातून मनाली दोन-तीन तासांवर आहे आणि दारच्याच्या पुढे ती सोय संपते.